धन्याचा डोळा

घरांत, कचेरींत किंवा दुकानांत पाळत ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांविषयीं बोलणें निघालें कीं, सुशिक्षित मंडळींच्या तोंडीं जॉर्ज ऑर्वेल याच्या 'नाइन्टीन एटी-फोर' या कादंबरीचें नांव हटकून येतें. १९४९ च्या जूनमध्यें ती प्रसिद्ध झाली, आणि या विषयावर ती जणूं प्रमाणग्रंथच होऊन बसली आहे. कादंबरी थोर आहे यांत वाद नाहीं. परंतु थोर ग्रंथाच्या दराऱ्यानें पुष्कळदां डोळ्यांपुढचें दिसेनासें होतें, आणि येथें तसें झालें आहे असें आम्हांस वाटतें.

प्रथम तिचें बळ कशांत आहे तें पाहूं. विन्स्टन स्मिथच्या खोलींतील टेलिस्क्रीनचा पडदा त्याला दिसतो आणि तो पडदाहि त्याला पाहतो. पण पलीकडे या क्षणीं कोणी बसलें आहे कीं नाहीं, हें कळण्यास मार्ग नाहीं. ही कल्पना मुळांत ऑर्वेलची नव्हे. जेरेमी बेंथमनें १७९१ सालीं 'पॅनॉप्टिकॉन' नांवाच्या तुरुंगाचा जो आराखडा छापला त्यांत ती आहेच: मध्यें पहारेकऱ्याची जागा, भोंवतीं वर्तुळाकार कोठड्या, आणि पहारेकरी आहे कीं नाहीं हें कैद्यास दिसूं नये म्हणून लावलेल्या झडपा. ऑर्वेलची करामत अशी कीं, त्यानें ती कल्पना एका दरिद्री बिऱ्हाडाच्या मापाची केली. विन्स्टनच्या खोलीच्या भिंतींत एक कोनाडा आहे. बहुधा पुस्तकांच्या फळ्यांसाठीं सोडलेला. तेथें बसलें म्हणजे आवाज पोंचला तरी माणूस दिसत नाहीं, आणि तेथेंच तो रोजनिशी लिहावयास घेतो. साऱ्या कादंबरीचा भार या हातभर जागेनें पेलला आहे. उत्तरार्धांत मात्र, सात वर्षें आपण त्याच्यावर नजर ठेवून होतों असें ओब्रायन सांगतो, तेव्हां भय वाढण्याऐवजीं उणावतें. ज्याला सर्वच ठाऊक आहे त्याच्यापुढें संशयाला जागा उरत नाहीं. आणि कॅमेऱ्याखालीं वावरणाऱ्या माणसाचें खरें दुःख संशयाचें असतें.

पण आमचा मुख्य आक्षेप याहून निराळा आहे. ऑर्वेलच्या राज्यांत पाळत असते ती पक्षाच्या सभासदांवर, म्हणजे कारकून, लेखक, अधिकारी यांच्यावर. श्रमजीवी वर्गांतील बहुतेकांच्या घरांत टेलिस्क्रीन नाहींच. त्यांची पर्वा करण्याची गरज सत्तेला वाटत नाहीं. प्रत्यक्षांत काय झालें? पेट्यांवर हिशोब करणारा, गोदामांत माल हालवणारा, दाराशीं उभा असलेला, स्वयंपाकघरांत भांडीं घासणारी, यांच्यावर कॅमेरा आधीं आला. हे भाकीत चुकलें म्हणून कादंबरी उणी ठरत नाहीं. पण तिच्या आधारें आपल्या काळाचें निदान करणाऱ्यांनीं हा फरक ध्यानांत घ्यावयास हवा. एक गोष्ट मात्र ऑर्वेलला अचूक दिसली होती: ओब्रायनच्या घरांतला पडदा बंद करतां येतो. पाहतो कोण, यापेक्षां बंद कोण करूं शकतो, हाच प्रश्न खरा.

झाम्यातिन या रशियन लेखकाच्या 'वुई' या कादंबरीचा उल्लेख येथें ओघानें येतो. १९२४ सालीं तिचें इंग्रजी भाषांतर निघालें, आणि १९४६ मध्यें ऑर्वेलनें तिच्यावर परीक्षणहि लिहिलें होतें. तींतलें सारें शहर कांचेच्या घरांचें. पडदे ओढावयाचे ते ठराविक घटकांपुरते, आणि तेहि गुलाबी चिठ्ठी दाखवून. चित्र मनोहर आहे, पण कांचेंतून शेजारी आपणांस पाहतो तसे आपणहि शेजाऱ्यास पाहतों. कॅमेऱ्याचा स्वभाव असा समदर्शी नाहीं.

तो स्वभाव ओळखला एका विनोदी नटानें. चार्ली चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स' हा बोलपट १९३६ च्या फेब्रुवारींत प्रथम दाखविला गेला, बी.बी.सी.चें नियमित दूरचित्र-प्रक्षेपण त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत सुरू झालें. म्हणजे यंत्र घरोघर पोंचण्यापूर्वींच त्यानें त्याचा उपयोग सांगून टाकला. कारखान्याचा मालक आपल्या खोलींत बसून चित्राचे तुकडे जुळवण्याचा खेळ खेळत असतो. तो कंटाळला म्हणजे पडद्यावर कामगारांकडे नजर टाकतो आणि यंत्रांचा वेग वाढवण्याचा हुकूम सोडतो. चार्ली वेळेचें कार्ड टोंचून स्वच्छतागृहांत शिरतो, विडी ओढण्याच्या बेतांत असतो, तोंच भिंतीवर मालकाचें भलेंमोठें तोंड उगवतें. प्रेक्षक हंसतात. मालकाचा तो पोरखेळ पाहणारा कॅमेरा मात्र कारखान्यांत कोठेंच नाहीं, आणि चॅप्लिन त्याविषयीं एक अक्षरहि बोलत नाहीं. टीका करावी तर अशी.

त्या स्वच्छतागृहाला पुढें न्यायालयांतहि मान मिळाला, ही गंमत आहे. बार्सेलोनाजवळच्या एका मोठ्या दुकानांत २००९ सालीं मालाचा हिशोब जुळेना. तेव्हां व्यवस्थापकानें दारांशीं उघडे कॅमेरे बसविले आणि नोकरांस तसें सांगितलें. पैसे घेण्याच्या पेट्यांवर मात्र छुपे कॅमेरे बसविले, ते न सांगतां. दहा दिवसांत चोरी उघडकीस आली व चौदाजणांना काढून टाकण्यांत आलें. मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयानें २०१८ मध्यें नोकरांची बाजू उचलून धरली. २०१९ मध्यें त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठानें तो निर्णय फिरविला. स्वच्छतागृहांत वा कपडे बदलण्याच्या जागीं माणसाला एकांताची फार मोठी अपेक्षा धरतां येते, गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत चालणाऱ्या कामांत ती थोडी, असा त्यांतला एक विचार होता. चोरी झाली होती, हें खरेंच. तरीहि जागेवरून एकांत मोजण्याची ही पद्धत आम्हांस अपुरी वाटते. गिऱ्हाईक पाहतें आणि विसरून जातें. यंत्र पाहतें आणि सांठवून ठेवतें.

आतां घर. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागांतील मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या परिचारिकेनें, पतीच्या साह्यानें, घराच्या रक्षणासाठीं कॅमेऱ्याची योजना आखली आणि १९६६ सालीं पेटंटसाठीं अर्ज केला. १९६९ मध्यें तें मिळालें. दाराला वरखालीं भोंकें, त्यांवरून सरकणारा कॅमेरा, आंत पडदा, आणि बाहेरच्याशीं बोलण्याची सोय. एकट्यादुकट्या बाईनें अवेळीं दार उघडण्यापूर्वीं कोण आलें तें पाहावें, हा हेतु. तो डोळा घरांतून बाहेर पाहत होता. आमच्या सदनिकांतून आज जो बसविला जातो तो पुष्कळदां आंत वळलेला असतो. नोकरीस गेलेल्या आईला दुपारीं पाळण्याकडे नजर टाकावीशी वाटते, परगांवीं असलेल्या मुलाला म्हाताऱ्या वडिलांची काळजी असते. यांत गैर कांहीं नाहीं. परंतु जें आपलें घर, तेंच कामाला येणाऱ्या बाईंचा कारखाना असतो, आणि फडताळावरचा तो लहानसा डोळा काय आहे हें त्यांस सांगण्याचें कित्येकांस सुचतहि नाहीं.

२४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं खाजगीपण हा मूलभूत हक्क ठरविला, याचा आपण अभिमान बाळगतों. तो वाद मुख्यतः सरकारशीं होता. बाईंचा वाद आपल्याशीं आहे. खाजगी किंवा खासगी हा शब्दहि पाहावा. होळकरांच्या दौलतींत १७३४ पासून राणीच्या स्वतंत्र उत्पन्नास खासगी म्हणत. शब्द दरबारांतून आला, आणि त्याची दरबारी संवय अजून सुटलेली दिसत नाहीं.

चॅप्लिनच्या बोलपटाविषयीं एक गोष्ट राहिली. मूकपटांचा काळ सरला असतांहि त्यांतल्या माणसांस त्यानें जवळजवळ मुकेंच ठेवलें आहे. मनुष्यवाणी ऐकूं येते ती यंत्रांतून, आणि त्यांत पहिली मालकाची, पडद्यावरून. चार्लीचा कंठ फुटतो तो अगदीं शेवटाकडे, एका उपाहारगृहांत. बाहीवर लिहून घेतलेले गाण्याचे शब्द हातवारे करतांना उडून जातात, आणि मग तो कोणत्याच भाषेंत नसलेलें गाणें गातो.