एका संध्याकाळचें परीक्षण

पन्नाशी उलटलेलीं चार माणसें पुण्यांत एकत्र जमलीं म्हणजे बोलणें हटकून ज्या विषयांकडे वळतें, त्यांत जुनें दूरदर्शन हा एक आहे. ‘चिमणराव’, ‘गजरा’, ‘छायागीत’ हीं नांवें एखाद्या स्तोत्राप्रमाणें म्हटलीं जातात, आणि तेव्हांची सर आतां कशासहि नाहीं असा ठराव शेवटीं एकमतानें पास होतो. त्या ठरावास आम्हीहि अनेकदां हात वर केला आहे. परंतु टीकेचा थोडाबहुत व्यवसाय केलेल्या माणसास बिनविरोध ठराव पाहून शंका यावयास हवी. ज्या कृतीची स्तुति चालली आहे ती समोर आहे काय? बव्हंशीं नाहीं. त्या काळीं ध्वनिचित्रफिती महाग असत. एक कार्यक्रम झाला कीं त्याच फितीवर दुसरा उतरवीत. ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ या मालिकेचे आज पाहावयास मिळणारे भाग अगदीं मोजके आहेत. म्हणजे पोथी गहाळ आणि टीका मात्र शाबूत, अशी ही अवस्था! साक्षीदार काय ती आमची स्मरणशक्ति. आणि ती मोठी लबाड आहे. तिनें गोड तेवढें ठेवून घेतलें आहे.

म्हणून येथें एकेका कार्यक्रमाचें नव्हे, तर एका अख्ख्या संध्याकाळचें परीक्षण करावें असें आम्हीं योजिलें आहे.

मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, व पुढल्याच वर्षीं सिंहगडावरील प्रक्षेपकामुळें तेंच चित्र पुण्यास दिसूं लागलें. शहरांतल्या साऱ्या ॲंटेना नैर्ऋत्येस सिंहगडाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. इतकें एकमत पुण्यानें दुसऱ्या कोणत्याहि बाबतींत दाखविल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. आम्हांस आठवते ती संध्याकाळ १९७८-७९ च्या सुमाराची. सदाशिव पेठेंतील आमच्या वाड्यांत संच एकच, व तो अर्थातच मालकांच्या घरीं. त्यास लाकडी दारें होतीं व दारांस कुलूप होतें. मुलें सतरंजीवर, बायका भिंतीशीं आणि पुरुषमंडळी खुर्च्यांवर, अशी बैठक असे. संच एकदां उघडला म्हणजे तो मिटेपर्यंत कोणी उठत नसे. उठल्यास जागा जाई.

त्या संध्याकाळचें मुख्य पात्र चिमणराव. चिं. वि. जोशी हे बडोद्यास पालीचे अध्यापक. परंतु त्यांचा चिमणराव पक्का पुणेकर. त्यामुळें तो मुंबईहून सिंहगडमार्गें आमच्या वाड्यांत आला तेव्हां परका असा कोणास वाटलाच नाहीं. आतां मूळ पुस्तकांतला विनोद आहे कोठें, हें पाहूं. चिमणराव स्वतःची हकीकत स्वतः सांगतो. तो जें सांगतो आणि वाचकास त्यांतून जें समजतें, त्यांमधल्या फटींत सारें हास्य भरलेलें आहे. पडद्यावर सांगणारा नाहींसा होतो व दिसणारा उरतो; म्हणजे गाभ्यासच धोका. १९४० सालच्या ‘लग्न पहावें करून’ या चित्रपटांत दामुअण्णा मालवणकरांनीं ही अडचण आपल्या मुद्रेनें सोडविली. ती पाहतांच हसूं येई. दिलीप प्रभावळकरांनीं निराळी वाट धरली. त्यांचा चिमणराव स्वतःस हास्यास्पद समजतच नाहीं. तो किडकिडा देह तो मोठ्या अदबीनें वागवितो, बारीक आवाजांत गंभीर मतें देतो, आणि लोक आपल्याकडे आदरानें पाहात आहेत अशी त्याची खात्री असते. पुस्तकांतली ती फट अशा रीतीनें चेहऱ्यावर आली. बाळ कर्व्यांचा धिप्पाड गुंड्याभाऊ शेजारीं उभा राहिला म्हणजे ती अधिकच रुंदावे. एवढें श्रेय निःशंक द्यावें. मात्र स्टुडिओंतल्या भिंती कापडाच्या आहेत हें आम्हां मुलांसहि दिसत होतें, कित्येक विनोद खुर्च्यांवरील मंडळींच्या हसण्यांत बुडून जात, आणि एखादा भाग चांगलाच रेंगाळे. आमचे मित्र हें आतां कबूल करीत नाहींत.

परंतु चिमणरावापूर्वी काय होतें? ‘आमची माती, आमची माणसं’! मित्रमंडळींच्या स्तोत्रांत हें नांव येतें तें केवळ थट्टेपुरतें. सदाशिव पेठेंत माती म्हणजे कुंडींतली. तरी द्राक्षावर कोणतें औषध किती पाण्यांत मिसळून फवारावें हें आम्हीं सक्तीनें ऐकलें, कारण जागा धरून ठेवावयाची होती. कंटाळा अपरिमित. मात्र भिंतीशीं बसलेली आमची आजी हा कार्यक्रम टक लावून पाही. कोंकणांतलीं आमचीं भाताचीं खाचरें कूळकायद्यांत गेलीं होतीं. कायदा योग्य होता असेंच आम्ही मानतों, व आजीहि त्याविरुद्ध कधीं बोलल्याचें आठवत नाहीं. फक्त तेथली गोष्ट ती काढीत नसे. एके दिवशीं पडद्यावर भातावरच्या करप्याची माहिती चालली असतां ती एकदम म्हणाली, “माहिती सांगतायत, पण त्या मागच्या खाचराचा बांध फुटलाय, तो कुणाला दिसत नाही का?” सारे हसले. आम्हीहि हसलों. पण बांध खरोखरीच फुटलेला होता.

आमच्या मतें त्या संध्याकाळचें मोल ठरवावयाचें तें या ठिकाणीं. चिमणराव आम्हीं निवडला असता. तो आज फोनवरहि निवडतां येतो. फुटलेला बांध आम्हीं कधींच निवडला नसता. जें आपल्यासाठीं नव्हे तेंहि शेजाऱ्यापाजाऱ्यांसह बसून पाहावें लागे, आणि त्या पाहण्यांत शेजारचें माणूस क्वचित् अकस्मात् दिसून जाई. हा गुण कार्यक्रम करणाऱ्यांच्या प्रतिभेचा नव्हे, टंचाईचा आहे. म्हणून तो प्रतिभेच्या खातीं जमा करूं नये.

याच टंचाईचें दुसरें अंग विसरणें अप्रामाणिकपणाचें होईल. दुसरी वाहिनी नाहीं याचा अर्थ दुसरा आवाज नाहीं. साडेसातच्या बातम्या आम्ही शुद्ध उच्चारांसाठीं वाखाणतों, पण आणीबाणीच्या काळांत त्याच शुद्ध उच्चारांत सरकारास सोयीचें तेवढेंच सांगितलें जाई. ६ फेब्रुवारी १९७७ रोजीं दिल्लीस रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण व जगजीवनराम यांची सभा होती. त्या संध्याकाळीं दूरदर्शननें ‘बॉबी’ दाखविला. लोकांनीं घरींच बसावें हा त्यांतला हेतु, असें सर्वत्र मानलें जातें. सभा तरीहि प्रचंड झाली. आम्हांस जागेवर खिळवून आजीचें खाचर दाखविणारी जी सक्ति, तीच ही. एकीची आरती ओवाळून दुसरी झाकून ठेवतां येणार नाहीं.

पुढें १९८२ मध्यें दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम व रंग आले, १९८४ सालीं ‘हम लोग’ आली, आणि घरोघर संच झाले. त्याच वर्षीं आमच्याहि बिऱ्हाडीं एक संच आला. त्यास कुलूप नव्हतें. आजी आतां भिंतीशीं न बसतां खुर्चीवर बसे. आम्ही मात्र परीक्षेचा अभ्यास पुढें करून ‘हम लोग’ लागेपर्यंत आवाज बंद करवीत असूं. आणि ती बिनआवाजाचें भात पाहात बसे.