समितीत कामगार कुठे?

व्हिडिओकॉन म्हटलं की सगळे धूतांच्या कर्जाकडे वळतात. इथं नंदुरबारात आम्ही मात्र चितेगावच्या कामगाराबद्दल बोलू. टीव्ही-फ्रिजची कंपनी तेलात गेली, मोबाइलमध्ये गेली; २०१२ला सर्वोच्च न्यायालयाने परवाने रद्द केले. या उड्या घेताना त्याला कुणी विचारलं होतं? बरं, २०१८ला प्रकरण दिवाळखोरीत गेलं. कंपनी मोडीत निघालीच, तर कामगाराची २४ महिन्यांची थकबाकी तारणवाल्या बँकांच्या रांगेत बसते. पण वाचवायची की मोडायची, हे ठरवणाऱ्या समितीत मत फक्त वित्तीय धनकोंना! आम्हाला हे तर्काला धरून वाटत नाही. बँकेचे पैसे अडकले, तसं याचं उभं आयुष्यही. २०२१ला सुमारे ६५ हजार कोटींच्या दाव्यांपोटी २,९६२ कोटींचा देकार मंजूर झाला, आणि २०२२ला अपिलात तोही रद्द.