अपुऱ्या कथेचें देणें

कथा सांगणारा आणि ऐकणारा यांच्यामध्यें एक न लिहिलेला करार असतो. ऐकणारा आपला वेळ व विश्वास आधीं देतो; सांगणारा शेवट मागाहून देतो. म्हणजे क्रमशः सांगितली जाणारी प्रत्येक कथा ही एक प्रकारची उधारीच होय. नेटफ्लिक्ससारख्या कंपन्या चालू मालिका अर्ध्यावर बंद करतात, तेव्हां प्रेक्षक संतापतात. त्यांचा हा संताप पुष्कळ सुज्ञ लोकांस पोरकट वाटतो. आमच्या मतें तो पोरकट नाहीं. ती थकलेल्या देण्याची मागणी आहे.

अपुऱ्या कथा मराठी वाचकांस नवीन नाहींत. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक' पत्रांतून क्रमशः येऊन पुरी झाली. पण त्यांची 'गणपतराव' अपुरी राहिली, 'कालकूट'ही अपुरीच राहिली. त्याबद्दल हरिभाऊंस फसवणुकीचा दोष कोणी देत नाहीं. एकट्या लेखकाची शक्ति व आयुष्य यांस मर्यादा असतात, हें वाचक जाणतो. आजचा प्रकार निराळा आहे. '१८९९' ही मालिका नोव्हेंबर २०२२ मध्यें आली आणि जानेवारी २०२३ मध्यें ती बंद झाल्याचें जाहीर झालें. कर्त्यांच्या मनांत तीन पर्वांची योजना होती. त्यांचीच 'डार्क' तीन पर्वांत २०२० सालीं पुरी झाली होती. सांगणारा हयात, सांगण्यास उत्सुक, आणि तरी कथा खुंटली. कारण खर्चाच्या मानानें प्रेक्षक पुरेसे जमले नाहींत.

खुद्द आमच्या मुंबईची कथा घ्या. विक्रम चंद्र यांच्या २००६ सालच्या 'सेक्रेड गेम्स' या इंग्रजी कादंबरींत शहरावरील अणुबाँबचें संकट टळतें आणि वाचक निश्चिंत होतो. तिच्यावरील मालिकेचें दुसरें पर्व २०१९ सालीं आलें आणि बाँब निकामी झाला कीं नाहीं हें न सांगतांच संपलें. तिसरें पर्व आलेलें नाहीं. यावर कोणी म्हणेल, संदिग्ध शेवट हीहि कलाच आहे. खरें आहे, पण मोकळा सोडलेला शेवट आणि तोडलेला शेवट यांत भेद आहे. पहिल्यांत सांगण्यासारखें सर्व सांगून झालेलें असतें, उरतो तो केवळ निर्णय. दुसऱ्यांत उत्तराचें आमिष दाखवून ठेवलेलें असतें. सोळा भाग पाहून झाल्यावर प्रेक्षकानें दुसरा प्रकार पहिला म्हणून गोड मानून घ्यावा, हें आम्हांस मान्य नाहीं.

कंपनीनें तोटा सोसून मालिका चालवावी, असें आम्ही म्हणत नाहीं. पण या व्यवहारांत तिचेंहि हित नाहीं. एकदां पोळलेला प्रेक्षक मालिका पुरी होईतों ती पाहतच नाहीं. त्यामुळें आरंभींचे आंकडे खालावतात. आणि आंकडे खालावले म्हणून मालिका बंद होते. अविश्वासाचें हें चक्र कंपन्यांनीं स्वतःच फिरविलें आहे.

उपाय जुनाच आहे. कीर्तनकार आख्यान पुरें करूनच आरतीकडे वळतो. श्रोत्यांस उद्यां पुन्हां यावेंसें वाटतें तें आजच्या तृप्तीमुळें. आम्ही राहतों त्या शीवेचें नांवच मुंबई बेटाच्या सीमेवरून पडलें आहे. टेकडीवर सतराव्या शतकांतील किल्ला, पलीकडे साष्टी. पुढें जाणारास वाट होती, पण बेट येथें संपतें हेंहि त्यास कळत असे. कथेच्या प्रत्येक पर्वास अशी शीव असावी. पुढचें पर्व निघालें तर आनंदच आहे. न निघालें तरी प्रेक्षकाच्या पदरीं एक पुरी कथा पडलेली असेल. एवढें ज्यास साधत नाहीं, त्यानें लोकांच्या संध्याकाळी उसन्या मागूं नयेत.