एका ताटाची कढई

रस्त्यावरचे पदार्थ घरी करावयास शिकविणारी पुस्तके आता उदंड झाली आहेत. त्यांपैकी बरीचशी पदार्थ इतका सोपा करून सांगतात की अखेरीस त्याचे केवळ नाव उरते. ऑस्ट्रेलियन पाकतज्ज्ञ डेव्हिड थॉम्प्सन यांचा २००९ सालचा ‘थाई स्ट्रीट फूड’ हा ग्रंथ या पंक्तीत बसत नाही. लंडनमधील ज्यांच्या ‘नाम’ या थाई उपाहारगृहाला मिशलिनचा तारा मिळाला, ते थॉम्प्सन सवलत द्यावयास सहसा तयार नसतात. सकाळ, दुपार आणि रात्र अशा तीन प्रहरांत त्यांनी पदार्थांची विभागणी केली आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते. रस्त्यावरचे अन्न त्याच्या वेळेपासून तोडता येत नाही, हे त्यातून न सांगता कळते. अर्ल कार्टर यांची छायाचित्रेही डोळे भरून पाहावीत अशी आहेत. मात्र या भव्य छायाचित्रांपायी ग्रंथाचा आकार एवढा वाढला आहे की तो शेगडीजवळच्या ओट्यावर मावता मावत नाही. ज्याचा उपयोग स्वयंपाकघरात व्हावयाचा, ते पुस्तक दिवाणखान्यात वाचून मग आठवणीवर विसंबून कढईपाशी जावे लागते, ही तक्रार क्षुल्लक म्हणता येणार नाही.

अशा ग्रंथांची खरी परीक्षा एखादा परिचित पदार्थ घेऊनच करावी. ‘पॅड थाई’ हा थायलंडचा राष्ट्रीय पदार्थ म्हणून जगभर मिरवतो, आणि तो अनादी काळापासून चालत आला असावा असा आपला समज होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. सयामचे नाव १९३९ मध्ये थायलंड झाले. त्याच सुमारास प्लेक फिबुनसोंगख्राम यांच्या राजवटीने राष्ट्रभावनेच्या मोहिमेत लोकांना शेवया खाण्यास व विकण्यास उत्तेजन दिले, आणि हा पदार्थ देशभर पसरला. तांदळाच्या शेवया कढईत परतण्याची रीत मुळात चिनी. मिरची तर अमेरिकेतून निघून पोर्तुगीजांच्या काळात आशियात आली. तेव्हा ‘अस्सल’ हा शब्द येथे जपूनच वापरावा. थॉम्प्सन यांचा कटाक्ष अस्सल घटकांवर आहे. त्यांची निष्ठा वंदनीय खरी, परंतु या एका बाबतीत माझा त्यांच्याशी मतभेद आहे.

पॅड थाईची चव तीन गोष्टींवर उभी असते : चिंच, ताडामाडाचा गूळ आणि नाम प्ला, म्हणजे लहान मासे मिठात दीर्घकाळ मुरवून काढलेले खारे पाणी. यांतील पहिल्या दोन गोष्टी आपल्या किनारपट्टीला परक्या नाहीत. वाळवलेल्या कोळंबीऐवजी आपल्याकडचे सोडे, मोड आलेले मूग, भाजलेले शेंगदाणे आणि वरून लिंबू, एवढ्याने काम भागते. चिंच आपल्या परसातली आहे म्हणून पदार्थ बाटत नाही. नाम प्लाला मात्र पर्याय शोधू नये, तो बाजारातून आणावा.

पदार्थ बिघडतो तो दुसरीकडेच. शेवया उकळायच्या नसतात. त्या साध्या पाण्यात लवचिक होईपर्यंत भिजवायच्या आणि उरलेले शिजणे कढईवर सोडायचे. लोखंडी कढई चांगली तापवून लसूण व टोफू परतावा, अंडे फोडावे, मग शेवया आणि आंबटगोड रस घालावा. मूग व पात अगदी शेवटी. हे सारे काही मिनिटांचे काम आहे. पण ते एका वेळी एकाच ताटापुरते! बँकॉकची विक्रेती एक-दोन ताटांहून अधिक सहसा घेत नाही, आणि तिच्या भट्टीचा जाळ आपल्या शेगडीहून कितीतरी प्रखर असतो. आपण घरी चौघांच्या शेवया एकदम ओततो. कढई निवते, पाणी आटत नाही, शेवया परतल्या जाण्याऐवजी वाफेवर शिजून त्यांचा गोळा होतो. माझ्या हातून प्रथम असा गोळाच झाला आणि तो निमूटपणे संपवावा लागला. आपल्या घरांत सर्वांची ताटे वाढून, प्रार्थना झाल्यावरच पहिला घास घेण्याची रीत आहे. या पदार्थाला ती मानवत नाही. ज्याचे ताट तयार झाले त्याने तत्काळ खावे, उरलेल्यांनी थांबावे.

म्हणून माझे मत असे की घटक बदलला तर पदार्थ तग धरतो, रीत बदलली तर तो उरत नाही. आणि ही रीत पुस्तकापेक्षा हातात अधिक असते. सिंगापुरात २०१६ मध्ये चान हॉन मेंग यांच्या सोया-कोंबडी व भाताच्या छोट्या गाळ्याला मिशलिनचा तारा मिळाला. वर्षानुवर्षे तोच एक पदार्थ करीत राहिलेल्या हाताचा तो गौरव होता. त्या देशाची फेरीवाल्यांची खाद्यसंस्कृती २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. याच्या उलट बँकॉकमध्ये २०१४ नंतर अनेक पदपथांवरून विक्रेते हटविण्यात आले. पाक क्लोंग तलात या फुलबाजाराच्या पदपथांवर ही पाळी २०१६ मध्ये आली. कार्टर यांनी टिपलेला रस्ता त्यामुळे आज जसाच्या तसा सापडणार नाही, आणि ग्रंथाचा जो आकार मला ओट्यापाशी नडला, त्याचे मोल इथे आल्यावर कळते.

एका गोष्टीची आठवण या संदर्भात होते. १७६७ मध्ये अयुथया पडल्यावर तेथील पोर्तुगीजवंशीय कॅथलिक कुटुंबे नदीकाठच्या थोनबुरीला आली आणि राजा ताक्सिनने दिलेल्या जागेवर सांता क्रूझ चर्चभोवती वसली. तो कुडी चीन मोहल्ला आता बँकॉकमध्येच मोडतो. तेथील काही घरांतून आजही ‘खनोम फरांग’ हा छोटा केक भाजून विकला जातो. अंडी, साखर आणि पीठ खूप फेटायचे, लोणी नाही की यीस्ट नाही, आणि वर मनुका. रस्त्यावरचा पदार्थ घरी कसा न्यावा, हा प्रश्न तेथे पडलेलाच नाही, कारण तो घरातूनच रस्त्यावर आला आहे. पूर्वी हा केक खाली निखारे आणि झाकणावरही निखारे ठेवून भाजत, आपल्या गोव्यातील बेबिंका जशी भाजत असत अगदी तशीच.