काचेच्या कडेला ठेवलेला रुपया

कोरोनाच्या साथीत, ४ एप्रिल २०२१ रोजी, महाराष्ट्र सरकारने ‘ब्रेक द चेन’चा आदेश काढला. त्यात बंद ठेवायच्या जागांची यादी होती. सिनेमागृहं, नाट्यगृहं, जलतरण तलाव, व्यायामशाळा आणि त्यांच्याच सोबत व्हिडिओ गेम पार्लर. आदेश मोबाइलवर वाचताना मी त्या शब्दांपाशी थांबलो. नाट्यगृहाच्या पंगतीला पार्लरला बसवलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. पुढे २२ ऑक्टोबरला नाट्यगृहं उघडली, तिसरी घंटा झाली, वर्तमानपत्रांनी त्यावर भरभरून लिहिलं, आणि लिहायलाच हवं होतं. पार्लरचं शटर वर गेलं की नाही, हे मात्र कुणी विचारलं नाही. नांदेड-लातूरमधली माझ्या ओळखीची जी दोन-चार शटरं होती, ती वर गेली तेव्हा आत मोबाइलची कव्हरं आणि चार्जर टांगलेले होते.

पार्लरमधल्या खेळाला मी कला म्हणतो, आणि हा शब्द विचार करून वापरतो आहे. नांदेडात वजिराबादेतून जुन्या मोंढ्याकडे जाताना एका गाळ्यात चार मशिनं होती. लाकडी खोका, त्यात तिरकी बसवलेली काचेची पिक्चर ट्यूब, खाली दांडे आणि बटणं. तीन मशिनं बहुतेक वेळ रिकामीच असायची. गर्दी चौथ्यावर. त्या मशिनवरचा खेळ जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ मध्ये काढला होता आणि त्याचं नाव होतं ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’. ते नाव कुणी वाचलंही नाही. खेळातल्या चार पात्रांपैकी एकाचं नाव मुस्तफा, म्हणून आख्ख्या खेळाचं नाव ‘मुस्तफा’ पडलं. नांदेडातच काय, देशभरात तो याच नावाने खेळला गेला.

आमच्याकडे या नावाला जरा जास्तच जिव्हाळा होता. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेला हा मुलूख. गल्लीत मराठी, दख्खनी, तेलुगू आणि पंजाबी एकाच दुपारी कानावर पडतात. अमेरिकन चित्रकथेवर बेतलेल्या, जपानी माणसांनी रचलेल्या खेळात आपल्या गल्लीतलं नाव असलेला माणूस नायक म्हणून उडी मारतो, लाथ घालतो, याचं आम्हाला फार अप्रूप होतं. तो चपळ होता, त्याची धावत येऊन मारलेली लाथ लांबवर जायची, म्हणूनही तो हवा असे. दांड्यापाशी पोचताच पहिला प्रश्न असायचा, ‘मुस्तफा कुणी घेतला?’ उरलेल्यांनी जॅक, हॅना किंवा मेस घ्यायचा.

खेळ म्हणून त्याची रचना आजही मला थक्क करते. तिघांना एकाच वेळी एकाच पडद्यावर खेळता येतं. गुंड चालून येतात, खोकी फुटतात, त्यातून खाण्याचे पदार्थ, बंदुका, सुरे बाहेर पडतात. खाणं एकच आणि खेळणारे तीन. ते कुणी उचलायचं, हे मशिन सांगत नाही, ते दांड्यावरच्या तिघांनी ठरवायचं. डायनासोर हे या खेळातले शत्रू नव्हेत. त्यांना डिवचलं की ते उधळतात आणि समोर येईल त्याला तुडवतात, गुंडांनाही. तिसऱ्या टप्प्यात अचानक मारामारी थांबते, तिघं एका मोटारीत बसतात आणि पडदा पळू लागतो. लय कुठे तोडायची, हे त्या रचनाकारांना चांगल्या कीर्तनकाराइतकं कळलेलं होतं.

पण कला पडद्यावर संपत नव्हती. एक रुपयात तीन जीव मिळायचे. नवख्याचा रुपया तीन-चार मिनिटांत संपे. मुरलेला पोरगा त्याच रुपयावर तासभर उभा राही, मालक चुळबुळ करू लागे आणि पाठीमागे पंधरा जणांचं कोंडाळं जमे. त्या कोंडाळ्यातला निम्मा माल बिनपैशाचा असायचा. खिशात नाणं नाही, पण कुठल्या खोक्यात काय आहे ते पाठ. ‘आता मागे सर, दोन सुरेवाला येतोय’ असं कानाशी सांगणारा तो. तालमीत वस्ताद कडेला बसून डाव सांगतो, त्याच जातीचं ते शिकवणं. ज्याला पुढचा नंबर हवा, तो आपला रुपया काचेच्या कडेला ठेवी. एकापुढे एक असे चार-पाच रुपये तिथे ओळीने दिसत. त्या ओळीत सराफाचा मुलगा आणि हमालाचा मुलगा एकमेकांच्या पाठोपाठ असत. नंबर मोडला तर आवाज चढायचा, पण कुणाचा रुपया चोरीला गेलेला मला आठवत नाही.

आणि लोडशेडिंग. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत मराठवाड्यात वीज रोजच जायची. सातव्या टप्प्यावर पोचलेल्या तिघांच्या समोर पडदा आकसून एक पांढरा ठिपका व्हायचा आणि तोही विझायचा. गाळ्यात अंधार आणि एकच सामूहिक हाय. आमचा मालक सिगारेटच्या पाकिटाच्या कागदावर नावं लिहून द्यायचा, उद्या या, एक गेम फुकट. त्या चिठ्ठ्या आम्ही कंपासपेटीत जपल्या.

हे सगळं साथीने संपवलं, असं मी म्हणणार नाही. घसरण आधीच सुरू झाली होती. आधी घरोघरी टीव्हीला जोडायचे स्वस्त गेम आले. मग सायबर कॅफेत काउंटर स्ट्राइक आणि व्हाइस सिटी आले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, २०१८ मध्ये पबजी मोबाइलवर उतरला आणि दहावीतल्या मुलाच्या खिशातच पार्लर जाऊन बसलं. २०२० च्या सप्टेंबरमध्ये पबजीवर बंदी आली तोवर टाळेबंदीला पाच महिने उलटून गेले होते आणि एका पिढीला एकट्याने, खोलीत, कानात यंत्र घालून खेळायची सवय लागून गेली होती.

याहून मोठं नुकसान पार्लरच्या नावाचं झालं, आणि त्याचा मला राग आहे. ‘व्हिडिओ गेम पार्लरवर छापा’ ही आपल्याकडच्या जिल्हा पानावरची नेहमीची बातमी. बातमी वाचली की कळतं, आत दांडाच नसतो. बटण दाबायचं, चित्रं फिरतात, जुळली तर पैसे. ही चक्री, म्हणजे उघड जुगार. १८८७ च्या जुगारबंदी कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ मुद्दाम वगळले आहेत, म्हणजे फरक कायद्याला सव्वाशे वर्षांहून जास्त काळ ठाऊक आहे. पण चक्रीवाल्यांनी पाटी पार्लरची लावली आणि खऱ्या पार्लरवाल्याच्या दारात आई-बापांनी पोराचा कान धरला. माझाही धरला गेला. ज्या खेळात हाताच्या चलाखीशिवाय काही मिळत नाही, त्याला नशिबाच्या खेळाचा डाग लागला आणि तो पुसायला कुणी पुढे आलं नाही. ना पोलीस, ना शाळा, ना आम्ही खेळणारे.

साथीने केलं ते असं की, मशिनं बंद पडून राहिली. पावसाळ्यात बंद गाळ्यातलं लाकूड फुगतं, उंदीर वायरी कुरतडतात, बोर्डावर ओल धरते. एरवी दुरुस्ती व्हायचीच, पण आता पिक्चर ट्यूब कुठून आणायची? एके काळी औरंगाबादजवळ चितेगावात व्हिडिओकॉनचे टीव्ही बनत. ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि ट्यूबचा जमाना तर त्याआधीच सरला होता. सपाट पडदा बसवता येतो, पण जुन्या बोर्डाचं चित्र त्यावर टोकदार आणि पोरकं दिसतं. गाळ्याचं थकलेलं भाडं एका बाजूला आणि भंगारवाल्याचा काटा दुसऱ्या बाजूला. किलोवर गेलेलं एक मशिन मी पाहिलं आहे. त्याच्या दांड्याचा गोळा इतका झिजला होता की मूळ लाल रंग फक्त देठाशी उरला होता.

जपानमध्ये, जिथे हे सगळं १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ने पेटलं, तिथेही चित्र फार वेगळं नाही. १९८६ मध्ये तिथे सुमारे २६ हजार गेम सेंटरं होती, साथीच्या तोंडावर ती ४ हजारांच्या आसपास उरली होती. सेगासारख्या कंपनीने २०२० च्या अखेरीस आपल्या या धंद्याचा ८५ टक्के वाटा गेंडा नावाच्या कंपनीला विकला आणि जानेवारी २०२२ मध्ये उरलेलाही. सेगाच्या पाट्या उतरल्या, ‘गिगो’ असं नाव चढलं. धंदा मात्र बुडाला नाही. तो चिमट्याने बाहुली उचलायच्या मशिनवर उभा आहे.

तीच चिमट्याची मशिनं आता आपल्याकडच्या गेम झोनमध्ये आली आहेत, आणि नव्या अवताराबद्दल माझी पहिली तक्रार इथून सुरू होते. कार्ड स्वाइप करायचं, बास्केटात चेंडू टाकायचे, हातोड्याने बेडूक ठोकायचे, की मशिन तिकिटांची माळ ओकतं. तिकिटं मोजून काउंटरवर पेन्सिल किंवा प्लास्टिकची मोटार मिळते. जागा स्वच्छ, थंड, उजेडाची. मुली निर्धास्त येतात, आया सोबत येतात, ही खरी कमाई आहे. आमच्या गाळ्यात मुलगी पाऊल ठेवू शकत नव्हती, ही त्या गाळ्याची मोठी उणीव होती आणि आठवणींच्या भरात मी ती झाकणार नाही. पण या झोनमध्ये मूल हरतच नाही. काहीही केलं तरी तिकीट येतं. पाठीमागे उभं राहून बघावं असं काही घडतच नाही. आई मोबाइलवर चित्रण करते तेवढाच प्रेक्षक.

आणि सुरक्षिततेचं म्हणावं तर २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेम झोनमध्ये काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. पंचवीसहून अधिक माणसं जळून गेली, त्यात मुलं होती, आणि अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला नव्हता. जिथे पत्र्याच्या शेडमध्ये फोम आणि प्लायवूड लावून झोन उभे राहतात, तिथे दुसरं दार कुठे आहे, हे मी आता आधी बघतो. तुम्हीही बघा.

दुसरा अवतार लातूरला जास्त दिसतो. ‘लातूर पॅटर्न’ या अभ्यासपद्धतीमुळे हे शहर बाहेरगावच्या मुलांचं झालं आहे. क्लास, मेस, अभ्यासिका, पुन्हा क्लास. या मुलांसाठी क्लासच्या रस्त्यांवर गेमिंग कॅफे निघाले. उंच पाठीच्या खुर्च्या, रंग बदलणारे दिवे, व्हॅलोरंट आणि फुटबॉल. इथले खेळ तांत्रिकदृष्ट्या आमच्या मुस्तफाच्या कित्येक पट पुढे आहेत आणि खेळणारी मुलं विलक्षण तरबेज आहेत. ई-स्पोर्ट्सला २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने मान्यता दिली, पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर त्याच कायद्याने बंदी आणली. म्हणजे जो डाग पार्लरला लागला, तो यांना लागू नये याची निदान सोय झाली.

पण कॅफेत पैसे तासावर असतात, आणि माझ्या मते सगळा फरक इथे पडतो. रुपयाच्या खेळात मरण महाग होतं. म्हणून प्रत्येक उडीला वजन यायचं, म्हणून बघणाऱ्याचा श्वास अडकायचा. तासाच्या खेळात मेलं तर पुन्हा उठायचं, घड्याळ तेवढंच चालतं. शिवाय प्रत्येकाचा पडदा वेगळा आणि कानावर हेडफोन. दहा मुलं एका खोलीत असूनही कोंडाळं होत नाही. एकदा अशाच कॅफेत माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाने फार मोठा सामना मारला असावा, कारण तो उठून नाचला. आम्हा कुणालाच काय झालं ते कळलं नाही.

२०२० मध्येच, साथीच्या ऐन वर्षात, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ नावाचा खेळ काढला. भारतीय पुराणकथांतून उभा केलेला, चित्रासारखा देखणा. जगभर त्याची दखल घेतली गेली. नांदेडात तो चारचौघांनी मिळून पाहावा अशी एकही जागा नाही. नाटकाला प्रयोग लागतो, लावणीला फड लागतो, तशी खेळालाही जागा लागते, हे आपण मनावरच घेतलं नाही. मुस्तफाची गत तर आणखी वाईट. घरच्या कन्सोलवर तो अधिकृतपणे कधी आलाच नाही. कॅपकॉमने २०१८ मध्ये आपल्या जुन्या मारामारीच्या सात खेळांचा संच काढला, त्यातही तो नव्हता. जो खेळ आपल्या दोन पिढ्यांना तोंडपाठ आहे, तो हौशी मंडळींनी संगणकावर उतरवून ठेवला म्हणून शिल्लक आहे.

मला मशिनं परत आणायची नाहीत. ती येणार नाहीत. मला कोंडाळं हवं आहे, आणि त्याला खर्च फार लागत नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जनरेटरवर चालणारा गेमचा तंबू मी लहानपणी पाहिलेला आहे. लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेत, महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात, महापालिकेच्या रिकाम्या पडून असलेल्या सभागृहात एक मोठा पडदा आणि चार कंट्रोलर ठेवता येतील. मुलींसाठी वेगळा दिवस लागणार नाही, उजेड आणि बाईमाणसाचा वावर असला की पुरे. परवाना देणाऱ्याने दांड्याचा खेळ आणि चक्री यांना एका अर्जात कोंबू नये, एवढी मात्र अट आहे.

हे जमतं, हे मी पाहिलंय. लातूरच्या एका कॅफेचा मालक रविवारी दुपारी तासाचा हिशेब बंद करतो. मोठ्या टीव्हीवर एकच प्लेस्टेशन, दोन कंट्रोलर, हेडफोन नाहीत, आणि नियम एकच: हरला तो उठला. मी गेलो तेव्हा उदगीरचा एक मुलगा सलग सहा सामने बसून होता आणि किनवटचा एक जण त्याच्यासमोर घाम पुसत होता. खोलीत तीसेक पोरं उभी, त्यात क्लासची सॅक पोटाशी धरलेल्या दोन मुली. ‘पास दे, पास दे’ असं सगळे एकदम ओरडत होते. टीव्हीखालच्या टेबलाच्या कडेला हॉस्टेलची पाच ओळखपत्रं ओळीने ठेवलेली होती, नंबर लावून.