साधनं आली, तालीम आटली

मराठी रंगभूमीवर आज दिव्यांची वानवा नाही. मेमरी कन्सोल, एलईडी पार, मूव्हिंग हेड अशी सामग्री ठेकेदाराकडे सहज भाड्याने मिळते. तरीही अलीकडची नाटकं आठवली की प्रकाश लक्षात राहतो तो बहुधा रंगापुरता. दुःखाला निळा, संतापाला लाल. यात यंत्रांचा दोष नाही. रिकाम्या रंगमंचावर दिवे लावून निवांत बघत बसण्याची सवड आपण संपवली, हे खरं दुखणं आहे.

प्रकाशयोजना हा विषय शिकवण्याची घडी बसली ती अमेरिकेतल्या येल विद्यापीठात. तिथे शिकवणाऱ्या स्टॅन्ली मॅक्कँडलेस यांची पद्धत १९३२ साली पुस्तकरूपाने आली. रंगमंचाचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागावर दोन बाजूंनी ४५ अंशांतून स्पॉट टाकायचे, एक उबदार छटेचा, दुसरा थंड. त्यामुळे चेहरा उजळतो, पण सपाट होत नाही. पुढे त्याच येलमध्ये १९८१ पासून शिकवणाऱ्या जेनिफर टिप्टन यांचं काम या कोष्टकाच्या पार पलीकडे गेलं. त्या मूळच्या नर्तिका. टॉम स्केल्टन यांच्याकडे प्रकाशयोजना शिकल्या आणि पॉल टेलर यांच्या नृत्यरचना त्यांनी वर्षानुवर्षं उजळल्या. दिव्यासमोरच्या भडक रंगीत जिलेटिनपेक्षा पांढऱ्याच प्रकाशाच्या छटांवर त्यांचा विश्वास. विंगेतून येणारा आडवा झोत शरीराला गोलाई देतो आणि डोक्यावरचा झोत तेच शरीर दडपून टाकतो, हे पुस्तकात वाचून कळतं. अंगात भिनायला मात्र नाचणारं शरीर तासन् तास समोर असावं लागतं.

आपल्या देशात ही दृष्टी प्रकाशयोजनाकार तापस सेन यांनी कामातूनच कमावली. १९५९ साली कोलकात्याच्या मिनर्व्हा थिएटरात उत्पल दत्त यांच्या ‘अंगार’मध्ये खाणीत पाणी चढत जातं आणि अडकलेले कामगार बुडतात, ते दृश्य त्यांनी प्रकाशातून उभं केलं. त्याचा बोलबाला अजून आहे. मला मात्र त्यांची ‘बहुरूपी’ या नाट्यसंस्थेच्या ‘रक्तकरबी’ची (१९५४) कामगिरी अधिक मोलाची वाटते. त्या नाटकातला जाळीआडचा राजा दिसू द्यायचा नाही, पण तो आहे याचा विसरही पडू द्यायचा नाही. असला पेच चमत्काराने सुटत नाही.

शिकायला महाराष्ट्रात पुण्याचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे. प्रदीप मुळ्ये, शीतल तळपदे, प्रदीप वैद्य यांच्यासारखे जाणकार कामात आहेत. अडतं ते व्यावसायिक नाटकाच्या गणितात. दुपारी टेम्पो लागतो, आधी नेपथ्य उभं राहतं आणि उरल्यासुरल्या वेळात बारवर दिवे चढतात. दुसऱ्या दिवशीच्या गावी बारची उंची वेगळी, अंतर वेगळं. शुभारंभानंतरचे प्रयोग बहुतेक वेळा ऑपरेटरच्याच भरवशावर. रंगीत तालमीचा अर्धा वेळ ध्वनी आणि कपडेपटात जातो, आणि मग निळा-लाल हाच सोपा तोडगा ठरतो.

सवडीबरोबर जुने दिवेही चाललेत. हॅलोजनचा दिवा डिमरवर हळूहळू खाली आणला की तार निवत जाते, प्रकाश पिवळसर, मग तांबूस होतो आणि विझल्यावरही क्षणभर धुगधुगी उरते. शेवटचं वाक्य बोलून झालेल्या नटाचा चेहरा त्या उतरत्या रंगात मिटत जातो. साधा एलईडी तसाच पांढरा राहतो आणि शेवटच्या पाच-दहा टक्क्यांत गचकन विझतो. चांगल्या प्रतीच्या दिव्यात ही कसर भरून काढता येते, पण त्यासाठी आधी ती डोळ्याला खुपायला हवी. जुना दिवा कधी पाहिलाच नाही त्या विद्यार्थ्याला ती खुपणार कशी? प्रत्येक नाट्यविभागाने चार हॅलोजन स्पॉट आणि एक जुना डिमर अडगळीत न टाकता वर्गात ठेवावा, असं मला कळकळीने वाटतं.

समीक्षकही या दुरवस्थेला जबाबदार आहेत. परीक्षणाच्या शेवटी नेपथ्य, संगीत, वेशभूषा यांच्या रांगेत प्रकाशयोजनेला अर्धं वाक्य मिळतं. कुठल्या प्रवेशात कुठल्या कोनातून काय दिसलं आणि काय लपलं, ते कुणी लिहीत नाही. जुन्या गाजलेल्या नाटकांच्या संहिता छापलेल्या आहेत, गाणी ध्वनिमुद्रित आहेत. त्यांचे लाइट प्लॉट (दिव्यांच्या मांडणीचे आराखडे) आणि क्यू-शीट (प्रकाशबदलांच्या नोंदी) मात्र जवळपास कुठेच जपलेले नाहीत. ते निर्मात्यांच्या फायलींत, ऑपरेटरांच्या वह्यांत असतील, तर ते लिहिणारी माणसं आहेत तोवरच गोळा करायला हवेत. कुठला आकडा कुठल्या दिव्याचा, हे त्यांच्याशिवाय कुणाला उलगडणार नाही.