‘मुफ्त’ या शब्दाची किंमत : पीएम सूर्यघर योजनेची चिकित्सा

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजने’चे उद्दिष्ट १ कोटी घरांवर सौरसंच बसविण्याचे आहे. ३ किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपये अनुदान मिळते. परंतु ते संच कार्यान्वित झाल्यानंतर. स्वतः संच बसविणाऱ्या कुटुंबास तोवरचा खर्च बचतीतून वा कर्जातून भागवावा लागतो. पुढे पॅनेलची सफाई व इन्व्हर्टरची दुरुस्तीही आलीच.

याहून मूलभूत प्रश्न छताचा आहे. भाडेकरूजवळ स्वतःचे छतच नसते. परिणामी सार्वजनिक निधीचा लाभ प्रामुख्याने घरमालकाकडे वळतो. ‘मुफ्त’ हा शब्द नेमका हाच भेद झाकतो. सामायिक छतावरील विजेत भाडेकरूस वाटा मिळाल्याखेरीज योजनेस न्याय्य म्हणता येणार नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.